पांढरी वडी

॥ श्री ॥

सातारा,
कार्तिक वद्य पंचमी

चि. सौ. छबी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. शाळेने चित्रकलेचे तास तुझ्याकडे सोपविले हे वाचून समाधान वाटले. मात्र त्याच पत्रात, मामाला कोणती चित्रे आवडतात आणि का आवडतात याची मनमोकळी जबानी तू मागितली आहेस, तिने मला दोन दिवस पेचात टाकले. चौतीस वर्षे ज्या भूमिअभिलेख खात्यात काढली, तेथे बांध कोठे आहे एवढेच विचारीत. तो कोठे असावा असे तुम्हांला वाटते, हे विचारण्याचा शिरस्ता नव्हता. त्यामुळे आपल्याला काही आवडते, आणि ते कोणाची हरकत न मागवता आवडू शकते, ही गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. त्या उशिराचे कारण आमच्या ड्रॉइंगच्या तासात आहे, म्हणून आधी तीच हकीगत सांगतो.

आमचा ड्रॉइंगचा वर्ग म्हणजे शाळेच्या पश्चिम टोकाची पत्र्याची लांबट खोली. दुपारी दोननंतर पत्रा तापून कडकड वाजू लागे, आणि खिडकीतून येणारे ऊन मधल्या टेबलावर मांडलेल्या वस्तूंवर तिरपे पडे. या वस्तू वर्षानुवर्षे त्याच होत्या: कानाशी चेपलेला पितळी तांब्या, तोंड फुटलेले मडके, एक लाकडी ठोकळा आणि हंगामाप्रमाणे बदलणारे एखादे वांगे किंवा पेरू. पेरू तासाअखेर टिकत नसे, तेव्हा पुढे पुढे मास्तर वांगेच आणीत. पेन्सिल धरलेला हात कोपरात न वाकवता समोर लांब करायचा, डावा डोळा मिटायचा, आणि तांब्याची उंची त्याच्या रुंदीत किती वेळा बसते ते अंगठ्याने पेन्सिलीवर मोजायचे. चाळीस मुले एकाच वेळी एक डोळा मिटून तांब्यावर नेम धरून बसलेली पाहून, एकदा तपासणीस आलेले साहेब दारातच थबकले होते.

त्या काळी चित्रकला येते की नाही याचा दाखला म्हणजे सरकारच्या दोन परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, फ्रीहँड, स्मरणचित्र, कर्तव्यभूमिती असे त्यांचे कप्पे होते. फ्रीहँडला भिंतीवर वेलबुट्टीचा तक्ता टांगीत. मध्यरेषा काढून तिच्या एका अंगाला जे वळण, तेच दुसऱ्या अंगाला उमटवायचे. यात माझा हात बरा होता, आणि पुढे ट्रेसिंग कापडावर गावनकाशा उतरविताना तोच कामी आला. स्मरणचित्राने मात्र मला दगा दिला. मला चेहरे काढता येत नसत. 'विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका' असा विषय आला तेव्हा मी सातही बायका पाठमोऱ्या काढल्या, आणि विहिरीत डोकावणारा पोरगाही पाठमोराच काढला. पुढे मास्तरांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "गाव रुसले होते काय रे?" इंटरमिजिएट माझी त्या वर्षी राहिली, ती कायमचीच.

आता तुझ्या आईचा यात काय संबंध, ते ऐक. एका दिवाळीत आमच्याकडे अडत दुकानातून एक कॅलेंडर आले. अंधारात उभी असलेली एक तरुण स्त्री, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताची ओंजळ वाऱ्यापासून ज्योतीला आड केलेली, आणि त्या बोटांच्या फटींतून निथळून तिच्या मुखावर आलेला उजेड. तू ते चित्र पाहिलेले आहेस. पाहिलेले नाही असा मनुष्य या प्रांतात विरळा. आमच्या वाड्यात ते रविवर्म्याचे म्हणून प्रसिद्ध होते, आणि आमच्या वाड्यात जे छापील चित्र बरे दिसे ते रविवर्म्याचेच असे. मला त्या चित्राने अक्षरशः वेड लावले. तांदूळ निवडणाऱ्या आजीच्या डोक्यावरून मी त्या भिंतीकडे पाहत बसे आणि मनाशी म्हणे, कागदावर तर पिवळा रंगच आहे, मग तो रंग उजेड कसा झाला?

कॅलेंडरावर पेन्सिलीने चौकटी पाडून मी त्याची नक्कल करू लागलो. बोटांपाशी गाडे अडले. तेव्हा तिन्हीसांजेला अक्काला, म्हणजे तुझ्या आईला, माजघरात उभी केली, हातात देवापुढचे निरांजन दिले आणि दुसरा हात आड धरायला लावला. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. प्रथम तिला मौज वाटली, मग हात अवघडला, मग तूप ओघळून अंगठ्यावर आले, आणि तिने दिलेली शिवी मला या पत्रात लिहिता येत नाही. पण त्या चार-पाच मिनिटांत मी एक गोष्ट पाहिली, जी त्या क्षणापर्यंत डोळे असून पाहिली नव्हती: ज्योतीच्या अगदी जवळची बोटे पिवळी दिसत नाहीत, ती कडांना लाल होतात, डाळिंबाच्या दाण्यासारखी आतून पेटलेली दिसतात, आणि हाताची मागची बाजू जवळजवळ काळी असते. हे सगळे मी घाईघाईने रंगविले. ज्योत व चेहरा उजळण्यासाठी पेटीतली पांढरी वडी ओल्या कुंचल्याने इतकी घोळली की तिला मधोमध खळगा पडला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या आशेने ते चित्र, आणि सोबत सुरळी करून कॅलेंडरही, वर्गात नेले. मास्तरांनी माझे चित्र खिडकीशी नेऊन पाहिले, हातभर दूर धरून पाहिले, आणि विचारले, "दिवा कुठाय?" मी ज्योतीवर बोट ठेवले. "हा चुना आहे," ते म्हणाले. मग त्यांनी माझी रंगपेटी मागून घेतली, खिशातला चाकू काढला, पांढऱ्या वडीच्या कडेने पाते फिरवून ती शांतपणे उचकटली आणि खिडकीबाहेरच्या घाणेरीच्या झुडपात फेकून दिली. "पांढरा रंग पेटीत नसतो, कागदात असतो. जिथं उजेड हवा तिथं हात लावायचा नाही. आधी ठरवायचं, मग राखायचं. एकदा रंग चढला की गेला तो उजेड." एवढे सांगून त्यांनी जाता जाता कॅलेंडरे उतरविण्याच्या छंदावर जो शेरा मारला, त्याने सारा वर्ग हसला. वडी शोधायला मी मधल्या सुटीत झुडपात शिरलो होतो. ती मिळाली नाही, नुसतेच ओरखडे मिळाले.

मास्तर अन्यायी होते असे मी आज म्हणणार नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाला दोन वाक्ये एकदम ऐकू येत नाहीत. उजेड राखण्याचे वाक्य कानाआड गेले, आणि कॅलेंडरावरची चित्रे आवडणे हा एक हलका, लपविण्याजोगा प्रकार आहे एवढेच हुकमासारखे मनात रुजू झाले. त्याच वर्षी शाळेची सहल औंधला गेली. तेथील संस्थानिक पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेले श्रीभवानी संग्रहालय यमाईच्या डोंगराच्या वाटेवर आहे; राजेसाहेब स्वतः चित्रकार होते, त्यामुळे इतर संस्थानांत जेथे शिकारीतील वाघांची मुंडकी टांगीत, तेथे यांनी चित्रे टांगली. तेथे मी रविवर्म्याची खरीखुरी तैलचित्रे प्रथमच पाहिली, आणि मुद्दाम त्यांच्यापुढे फार वेळ थांबलो नाही, कारण मास्तर मागे उभे होते. ज्याच्यापुढे ते स्वतः थांबले तो एक लहानसा गुळगुळीत दगड होता, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडविलेली आई आणि मूल. आम्हां पोरांना तो टाकी न लावलेला वरवंटा वाटला, आणि परतीच्या वाटेवर 'औंधचा वरवंटा' हा शब्द आम्ही पुरेपूर वापरला.

पुढे नोकरीत एक गोष्ट घडली. मोजणीच्या कामी रानोमाळ हिंडताना हद्दीचे दगड शोधावे लागत. निम्मे जमिनीत गेलेले, पावसाने, गुरांच्या अंग घासण्याने आणि शेजारधर्माने झिजलेले. नकाशात त्यांची जागा अचूक असे, पण दगडाकडे पाहून हा मुद्दाम पुरलेला की आपोआप पडलेला हे ओळखणे, हीच खरी कसोटी. अशा शेकडो दगडांवर हात फिरवून झाल्यावर औंधचा वरवंटा मला समजला, असे म्हणण्यास हरकत नाही. तो आवडू लागला तो कोणा पंडिताच्या व्याख्यानाने नव्हे, खात्याच्या भत्त्यावर.

तेव्हा तुला हवी असलेली यादी देतो, पण तिच्यात क्रम शोधू नकोस. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची कोटितीर्थाची निसर्गचित्रे मला अतिशय प्रिय आहेत. तळ्याकाठची हवा दमट आहे की कोरडी हे त्यांच्या चित्रात कळते. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठे मी कापून ठेवली आहेत, कारण चार-सहा ठाशीव रंगांत आणि एका रेषेत इतके बोलणारा मनुष्य मी दुसरा पाहिला नाही. मुळगावकरांच्या देवदेवतांच्या मुखांवरची सायीसारखी कांती जाणत्यांना गोडगट्ट वाटते हे मला ठाऊक आहे. मला ती तेव्हाही आवडत होती, आजही आवडते, आणि या बाबतीत अपील करण्याची माझी इच्छा नाही. नुसत्या रंगांच्या पट्ट्यांपुढे मात्र मी अजून दाराबाहेर उभ्या राहिलेल्या पक्षकारासारखा अवघडतो.

राहता राहिले ते दिव्याचे चित्र. सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी तुझी मामी आणि मी म्हैसूरला गेलो होतो. तेथे जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात, बऱ्याच पायऱ्या चढून पाय भरून आल्यावर, एका अंधाऱ्या खोलीत ते अकस्मात समोर आले. तेच. पाटी वाचली, आणि पन्नास वर्षांची माझी माहिती एका क्षणात रद्दबातल झाली: चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर, म्हणजे आपल्या सावंतवाडीचे, 1882 सालचा जन्म. 'ग्लो ऑफ होप' हे त्यांनी केले ते 1945-46 च्या सुमारास, आणि रविवर्मा तर 1906 मध्येच वारले होते! पण त्याहून मोठा धक्का पुढेच होता. ते तैलचित्र नव्हते. जलरंग होता तो, कागदावरचा, ज्यात चूक झाली तर वरून लेप देऊन झाकण्याची सोय नाही.

मी काचेजवळ गेलो. बोटांच्या कडा लाल होत्या, अक्काच्या होत्या तशाच. ज्योतीभोवतीचा आणि गालावरचा उजेड, मला तरी, कोणी लावलेला वाटला नाही. सगळीकडून अंधार थराथराने चढवीत आणताना तेवढी जागा जिवापाड राखल्यासारखी वाटली. जी चित्रपद्धती शिकवावी म्हणून मास्तरांनी माझी वडी झुडपात फेकली, तिचे सर्वांत मोठे उदाहरण त्या दिवशी माझ्याच हातात, सुरळी करून, होते. फक्त ते छापील होते आणि खाली अडत दुकानाचे नाव होते, म्हणून आम्हां दोघांनाही दिसले नाही. मास्तर केव्हाच गेले होते. नाहीतर मी म्हैसूरच्या तारकचेरीतून त्यांना दोन शब्दांची तार केली असती: "दिवा सापडला."

खोलीबाहेर आल्यावर कळले की, या चित्रासाठी दिवा घेऊन उभी राहिली होती ती हळदणकरांची स्वतःची मुलगी, आणि तिला सुमारे तीन तास उभे राहावे लागले होते. तुझी आई पाच मिनिटांत थकली, हे तिला अवश्य कळव. माझे नाव सांगून कळव.

तुझ्या वर्गासाठी काही पाठवीन म्हणालो होतो. लिमलेटच्या गोळ्यांच्या डब्याएवढी ती जुनी रंगपेटी, आवळ्याच्या मोरंब्याच्या बरणीबरोबर, पुण्याला येणाऱ्या शेजाऱ्यांच्या हाती देत आहे. झाकणाची बिजागरी सैल आहे, आणि निळ्याचा नुसता कवडीएवढा तुकडा उरला आहे. पांढऱ्या वडीच्या रिकाम्या घरात मी नोकरीभर टाचण्या ठेवीत असे. त्या अजून तेथेच आहेत, गंजल्या आहेत, तेव्हा मुलांच्या हाती देण्यापूर्वी आठवणीने काढून घे. मोरंबा पोहोचल्याची पोच द्यावी. जावईबापूंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
मामा