चतुर्थीआधीचे दोन दिवस

शाळा सुट्टी देते ती चतुर्थीची. आणि कोकणातल्या घरात चतुर्थीच्या दिवशी मुलांनी करण्यासारखं फारसं काही उरलेलंच नसतं. भटजी येतात, पूजा होते, आरत्या होतात, मोदक पानात पडतात. त्या दिवशी सकाळी पोचलेलं मूल घरात पाहुणं असतं. सण ज्या कामांनी उभा राहतो ती आधीच्या दोन-चार दिवसांत उरकलेली असतात, आणि मुंबई-ठाण्याच्या शाळांच्या लेखी ते दिवस इतर कुठल्याही दिवसांसारखेच.

२०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी आली. सोमवार-मंगळवार शाळा. रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता वेटिंगवर जातात, त्यामुळे ज्या रात्रीचं तिकीट हाती लागेल तोच आमचा मुहूर्त. आम्हाला रविवार रात्र मिळाली. रस्त्याने जायचं तर मुंबई-गोवा महामार्ग आहेच. त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं; त्या साली जन्मलेली मुलं २०२५ला नववीत पोचली होती, आणि माणगावला गाड्या अजून तशाच तुंबतात.

म्हणजे दोन दिवस शाळा बुडणार, हे जूनमध्येच ठरलेलं होतं. प्रश्न उरला अर्जाचा. आमच्या सोसायटीत गणपतीच्या आठवड्यात न चुकता तापाची साथ येते. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी विचारणा होते, ‘तुम्ही काय कारण लिहिलंत?’ मग कुणाला व्हायरल होतो, कुणाची आजी अत्यवस्थ होते. हीच आजी आठवड्याने ओटीवर फुगडी घालताना स्टेटसला दिसते. मला या प्रकाराचा मनापासून राग आहे. बुडालेले तास भरून निघतात. पण बाबांनी आपल्या तापाचा अर्ज आपल्याच समोर बसून लिहिला, हे पोरगं विसरत नाही. आम्ही सरळ लिहितो: गावी गणपतीला जात आहोत, दोन दिवस मुलगा येणार नाही, अभ्यास भरून काढू.

वर्गशिक्षिका बाई अर्ज वाचून हसल्या. त्या देवगडकडच्या. म्हणाल्या, ‘जा तुम्ही. आम्हाला मंगळवार संध्याकाळशिवाय निघता येत नाही.’ मग त्यांनी जे सांगितलं ते मला पटलं. निम्मा वर्ग रिकामा असला की नवा धडा घेता येत नाही, जी मुलं आली त्यांचा दिवस उजळणीत जातो, आणि सगळे परतले की तोच धडा गेलेल्यांसाठी पुन्हा. म्हणजे आमच्या सहलीचं बिल शेजारच्या बाकावरचा मुलगाही थोडं भरतो. याला माझ्याकडे उत्तर नाही.

तरीही गेलो, त्याचं कारण माटवी. गणपती बसतो त्याच्या वर टांगायची ही लाकडी चौकट. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. भाऊकाकांनी फोनवरच बजावलं होतं, ‘शाळा खंय पळान जाता? माटवी बांधूक कोण येतलो?’ काका आता स्टुलावर चढतात, पण खाली वाकून वस्तू उचलणं त्यांना जमत नाही. तेव्हा ते वर आणि माझा सहावीतला मुलगा खाली. आधी आंब्याचे टाळ, मग शहाळी, हिरव्या सुपारीचा घड, तवसं, दोडकी, आणि सकाळी रानातून आणलेली कवंडळं, कांगण्या, हरणाची पिवळी फुलं. केळीच्या सोपाचा दोर ओला असतानाच आवळायचा, सुकला की गाठ आपोआप घट्ट बसते, हे त्याला तिथे कळलं. कवंडळ दिसायला देखणं असलं तरी तोंडात घालायचं नाही, हेही. अर्थात ते त्याने चाखून बघितल्यावर कळलं. जड नारळ एकाच बाजूला गेले आणि चौकट कलली, तेव्हा काकांनी सगळं सोडवून पुन्हा बांधायला लावलं. कुणी त्याला ‘छान, छान’ म्हटलं नाही. शहरात बिचाऱ्याला पाण्याची बाटली भरली तरी शाबासकी मिळते.

संध्याकाळी गणपतीच्या शाळेत गेलो. मूर्तिकाराच्या कारखान्याला आमच्याकडे शाळाच म्हणतात. आमचा पाट तिथे नागपंचमीच्या सुमारासच जाऊन बसलेला असतो. कोपऱ्यात कुणाच्या तरी गणपतीचे डोळे आखायचे राहिले होते. मूर्तिकार श्वास धरून ब्रश फिरवत होते आणि दाराशी दहा-बारा पोरं गप्प उभी होती. निम्मी मुंबईची. सगळ्यांना ताप.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरायला हवी. त्यातले दोन गेले, तर काय बिघडलं, असं मी म्हणू शकतो. कारण बुधवारनंतर माझ्या मुलाचा बाक त्याची वाट बघत असतो. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्यांकडे निघतात, तेव्हा त्यांची मुलंही आईबापांबरोबर राहायलाच शाळा सोडतात. ती थेट उन्हाळ्यात परततात, आणि काही परतून शाळेत येतच नाहीत. त्यांनी गावात राहून शिकावं म्हणून सरकारला हंगामी वसतिगृहं काढावी लागली. तिथे कुटुंबापासून लांब ठेवणं हाच उपाय ठरतो. त्यामुळे ‘मुलांना कुटुंबासोबत वेळ हवा’ हे वाक्य मी सरसकट कुणाला ऐकवत नाही. दोन दिवस बुडवणं ही आमच्यासारख्यांची चैन आहे, आणि चैन म्हणूनच ती करावी.

इंग्लंडमधली माझी मावसबहीण म्हणते, तुमचं बरं आहे. तिकडे सुट्टीसाठी विनापरवानगी पाच दिवस शाळा बुडली की दर मुलामागे, दर पालकाला ८० पौंड दंड लागू शकतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये तो ६०वरून वाढवला. २०२५ला चतुर्थी त्यांच्या उन्हाळी सुट्टीत आली, म्हणून तिची मुलं गावी येऊ शकली. गोव्यात हा घोळच नाही, चतुर्थीला शाळांना भरघोस सुट्टी असते. मुंबईतल्या शाळांनी निदान चाचणी परीक्षा त्या आठवड्यात ठेवू नये, एवढं झालं तरी पुष्कळ.

२०२६ला चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शनिवार-रविवार आयता मिळतोय म्हणून बायको खूश आहे, यंदा अर्ज नको. पण सगळी मुंबई शुक्रवारी रात्रीच निघणार, तेव्हा मी गुरुवारचं तिकीट बघणार आहे. शिवाय काकांनी मुलाला परस्पर सांगून टाकलंय की माटवीची चौकट वाळवीने खाल्ली आहे, नवी करायची, आणि रंधा त्याने मारायचा. अर्ज यंदा तोच लिहिणार म्हणतोय.