पीळ कुठं असतो?

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण मराठीत बहुतेक वेळा नावं ठेवायलाच वापरतात. वतन गेलं, वाडा गहाण पडला, तरी ऐट तीच, अशा माणसाबद्दल ती बोलली जाते. पण पंडित भीमसेन जोशींच्या आजारपणाचा विचार करू लागलं की तीच म्हण कौतुकाचा सूर घेऊन समोर येते आणि मग हटत नाही. 1999 मध्ये, वयाच्या 77व्या वर्षी, त्यांच्या मेंदूतली गाठ शस्त्रक्रिया करून काढली. त्यातून ते उठले आणि पुन्हा गाऊ लागले. 2005 मध्ये मानेच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरही, डिसेंबर 2007 मध्ये, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात ते गायले. वय 85. शरीर खंगलं, पीळ राहिला. म्हण लागू पडली, विषय संपला, असं वाटतं.

विषय संपत नाही, कारण म्हणीत न सांगितलेली एक गोष्ट आहे. काथ्याचा दोर पेटवून जमिनीवर निवांत जळू दिला, तर राखेतही त्याचे वळसे दिसतात, हे खरं. एकावर एक चढलेले पेड मोजताही येतात. पण कधीपर्यंत? कुणी बोट लावेपर्यंत, किंवा वाऱ्याची झुळूक येईपर्यंत. त्या राखेनं विहिरीतून घागर वर येत नाही, गोठ्यात गाय बांधता येत नाही. मग म्हण ज्याला पीळ म्हणते ती नुसती आकृतीच की काय?

आणि पीळ टिकतो तरी का? दोर वळणारा आधी तंतूंना एका दिशेनं पीळ देऊन पेड करतो आणि मग ते पेड एकमेकांवर उलट्या दिशेनं वळतो. प्रत्येक पेडाला उलगडायचं असतं, पण त्याचं उलगडणं पेडांना एकमेकांवर अधिक घट्ट आवळतं. दोर टिकतो तो या ओढाताणीमुळे. चाकणच्या कुठल्याही मोठ्या शेडमध्ये क्रेनवर जो पोलादी वायर रोप असतो, तोही याच तत्त्वावर वळलेला. फरक एवढाच की तिथं म्हणीवर विसंबून चालत नाही. खाली माणसं काम करत असतात. मेंटेनन्सवाला रोपवरचं ग्रीस पुसतो, ठरावीक लांबीत किती तारा तुटल्या ते मोजतो, व्हर्नियर लावून व्यास किती घटला ते बघतो. अशा अनेक रोपांच्या गाभ्यात तेलात मुरलेला तंतूंचा दोर असतो. तो आतल्या आत झिजला, तरी बाहेरून पीळ बराच काळ जसाच्या तसा दिसतो. व्यास मात्र कमी भरतो. म्हणजे दोर किती धड आहे हे विचारायचं असेल, तर नुसत्या पिळाची साक्ष तिथं पुरेशी धरत नाहीत. ही माहिती कळल्यापासून ती म्हण गाण्याला लावताना जरा धाकधूक वाटते.

गाणाऱ्याच्या डोक्यात पीळ नेमका कुठं असतो, याचा शोध दीडशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. 1861 मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोकानं मेंदूच्या डाव्या बाजूचा एक भाग दाखवला, जो बिघडला की माणसाचं बोलणं जातं. गाण्याचं असं एकच घर सापडलेलं नाही. सूर, लय, शब्द, श्वास, वर्षानुवर्षांच्या रियाजानं अंगात मुरलेली हालचाल, सगळं मेंदूत दोन्हीकडे विखुरलेलं. त्यामुळे एकाच्या बाबतीत जे वाचतं ते दुसऱ्याच्या बाबतीत बुडतं. रशियन संगीतकार विसारिओन शेबालिन यांना 1953 आणि 1959 मध्ये मेंदूचे झटके आले. भाषा हातची गेली. साधं वाक्य बोलणं, समोरच्याचं समजून घेणं जड झालं. तरी त्यांनी 1962 मध्ये पाचवी सिंफनी पुरी केली. याउलट फ्रान्सचे मॉरिस रॅव्हेल. त्यांच्या डोक्यात संगीत ऐकू येत होतं, पण ते कागदावर उतरेना. पुढं सही करणंसुद्धा अवघड झालं. डिसेंबर 1937 मध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि थोड्याच दिवसांत ते गेले. सुंभ आणि पीळ यांची फारकत होते खरी, पण कोण कोणाला सोडून जाईल हे आधी कळत नाही.

देहू आणि आळंदीच्या मधल्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गाणं अंगात मुरण्याची ही गोष्ट तर घराघरांत समजण्यासारखी आहे. निगडीहून, भोसरीहून पहिल्या पाळीला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये भीमसेनजींचा अभंग लागतो आणि अर्धी बस झोपेतच ओठ हलवते. तो अभंग कुणी पाठ केलेला नसतो, तो झालेला असतो. पक्षाघातानं वाचा गेलेल्या माणसांकडे पाहिलं की या ‘झालेला असण्या’चं बळ दिसतं. स्वतःचं नाव सांगता येत नाही, पाणी मागता येत नाही. पण घरच्यांनी आरती सुरू केली की शब्दांसकट पुढची ओळ तोंडातून येते. स्पीच थेरपी देणारे हे नेहमी पाहतात. बोस्टनच्या संशोधकांनी 1973 मध्ये याच धाग्याला धरून, वाक्यं सुरात म्हणवून बोलणं परत आणण्याची पद्धत मांडली. काहींना तिचा गुण येतो. काहींची आरती मात्र आरतीच राहते. ती संपते आणि पाणी पुन्हा खुणेनंच मागावं लागतं. अशा वेळी घरातल्यांच्या चेहऱ्यावर आनंद असतो की आणखी मोठं दुःख, हे सांगणं अवघड आहे. राखेतल्या वळशांची आठवण इथं पुन्हा होते, नको असली तरी.

फिलाडेल्फियाचे जॅझ गिटारवादक पॅट मार्टिनो यांची हकिगत आणखी बुचकळ्यात टाकते. 1980 मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्यावर शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण ते उठले तेव्हा आईवडिलांची ओळख नव्हती आणि आपण गिटार वाजवतो हेही आठवत नव्हतं. पुढं त्यांनी स्वतःच्याच जुन्या रेकॉर्ड ऐकून वादन पुन्हा शिकून घेतलं. 1987 मध्ये त्यांचं नवं ध्वनिमुद्रण आलं, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं नाव राहिलं. मार्टिनो मार्टिनोंचे शागीर्द झाले. इथं पीळ कुठं होता? बोटांत असावा, कारण बोटं लवकर शिकली. पण तबकडीतही होता.

तबकडीवरून एक योग आठवतो. भीमसेनजींच्या सुरुवातीच्या तबकड्या एचएमव्हीनं काढल्या. कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा ज्यांच्यावर असायचा त्या. त्या एचएमव्हीची इंग्लंडातली मूळ कंपनी ईएमआय. याच ईएमआयच्या प्रयोगशाळेत गॉडफ्रे हौन्सफील्ड नावाच्या इंजिनिअरनं सीटी स्कॅनचं यंत्र तयार केलं आणि 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या एका रुग्णालयात जिवंत माणसाच्या मेंदूतली गाठ त्यावर पहिल्यांदा टिपली गेली. 1979 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गळा जपून ठेवणारी कंपनी आणि कवटी न उघडता आतलं दाखवणारी कंपनी एकच, हे वाचून हात जोडावेसे वाटतात. आज पिंपरी-चिंचवडमध्ये रात्री-अपरात्री झटका आलेल्या माणसाला आधी त्याच यंत्राखाली नेतात, कारण मेंदूत रक्त साकळलंय की सांडलंय यावर पुढचे सगळे उपचार ठरतात.

1942 मध्ये असं यंत्र कुठंच नव्हतं. त्या साली भीमसेनजींच्या गुरूंना, रामभाऊ कुंदगोळकरांना, म्हणजे खुद्द सवाई गंधर्वांना, पक्षाघात झाला. वय 56. किराणा घराण्याच्या त्या गायकाचं मैफलीतलं गाणं तिथं थांबलं. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर हे शिष्य तोवर तयार झाले होते. 1946 मध्ये पुण्यात सवाई गंधर्वांची साठी साजरी झाली तेव्हा भीमसेन गायले आणि गुरूंनी त्यांना दाद दिली. गुरू 1952 मध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव 1953 मध्ये सुरू झाला आणि त्याच महोत्सवात, मेंदूची गाठ काढल्यावर आठ वर्षांनी, शिष्य गायला.

शिष्याला आपण ‘बरे झाले’ म्हणतो. का म्हणतो? चालू-बोलू लागले म्हणून नव्हे. डॉक्टरांना तेवढं पुरतं, श्रोत्यांना पुरत नाही. गायले म्हणून म्हणतो. 2007 च्या त्या मांडवात ज्यांनी डोळे पुसले, त्यांच्या कानांत पन्नास वर्षांचं गाणं साठलेलं होतं. समोरचा आवाज जिथं पोचला नसेल तिथं त्या कानांनी भर घातली नसेल, असं कोण म्हणेल? आणि घातली असेल, तर ते गाणं कमी खरं ठरतं का? ठरू नये असं मनापासून वाटतं. पण व्हर्नियर घेऊन उभा असलेला तो मेंटेनन्सवालाही नजरेसमोरून जात नाही, आणि त्याचं काम चुकीचं आहे असं म्हणवत नाही.

त्याहून अडचण गुरूंची होते. गाणं परत येणं हेच बरं होणं असेल, तर सवाई गंधर्व कधी बरे झालेच नाहीत. दहा वर्षं ते गळ्याविना जगले, आणि त्या दहा वर्षांत शिष्याच्या गळ्यातून आपलीच तान येताना त्यांनी ऐकली. ऐकताना त्यांना आपलं काही परत मिळाल्यासारखं वाटलं, की जे गेलं ते किती मोठं होतं हेच पुन्हा कळलं? म्हण या दोन्ही बाजूंनी बोलते, आणि त्यातली कुठली धरावी हे अजून ठरत नाही.