सोळा खोल्यांचं लेणं

नाशिकचं इंदिरानगर मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच आहे. संध्याकाळी इथे रिक्षा, स्कूटर, क्लासला निघालेली मुलं... नुसता गलबला! शाळेतून घरी यावं, तर दिवाणखान्यात पाहुणे. "काय रे, बोलत का नाहीस? घुम्या आहे वाटतं!" तुमच्यापैकी कितीजणांना हे ऐकावं लागतं?

कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये अशा माणसांना 'अंतर्मुख' म्हटलं. माणसं त्यांना आवडतात, बरं का! पण गर्दीत ती लवकर थकतात.

महामार्गाने मुंबईच्या दिशेने थोडं पुढे गेलं, की पांडवलेणी लागतात. एकूण चोवीस लेणी. त्यातल्या दहाव्या लेण्यात सोळा छोट्या खोल्या आहेत आणि आत बसायला-निजायला दगडी ओटे. बौद्ध भिक्षू पावसाळ्यात फिरणं थांबवून इथे राहत. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नहपान राजाचा जावई उषवदात याने त्यांच्यासाठी विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. करा बघू हिशेब! वर्षाचे २४०, म्हणजे वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा. शिलालेखात हे सगळं कोरलेलं आहे. कुणाला निवांत बसता यावं म्हणून एवढी तरतूद!

आपल्या फ्लॅटमध्ये सोळा खोल्या कुठून आणायच्या? पण गॅलरीचा एक कोपरा मिळतोच. आईला आधीच सांगा, "आल्यावर वीस मिनिटं मी गप्प बसणार आहे, रागावलो नाहीये." हे सांगणं फार महत्त्वाचं हं, नाहीतर घरच्यांना तो रुसवाच वाटतो. कुंड्यांना पाणी घाला, चित्र काढा, नाहीतर नुसते बसा. मोबाइल मात्र नको. त्यातही माणसांची गर्दीच असते. पाहुणे आलेच, तर पाणी न्यायचं, चहाच्या कपबशा उचलायचं काम आपणहून घ्या. तेवढाच स्वयंपाकघरात श्वास घेता येतो!

मात्र शाळेत कुणी त्रास देतंय म्हणून एकटं बसावंसं वाटत असेल, तर ते वेगळं. ते आईबाबांना किंवा बाईंना सांगायलाच हवं.

आणि पांडवलेणी बघायला गेलात, तर सगळे फोटो काढत असताना दहाव्या लेण्यातल्या एखाद्या खोलीच्या दारात उभे राहा. आतला अंधार डोळ्यांना सरावायला मिनिटभर लागतं. मग तो ओटा दिसतो.