कर्मचारी वृत्त

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कथा-कविता संपल्या की शेवटच्या पानांवर ‘कर्मचारी वृत्त’ येते. कोणाला पीएच.डी. मिळाली, कोण नियत वयोमानानुसार निवृत्त झाले, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन कोणाच्या अध्यक्षतेखाली पार पडला, याची ही नोंद. साहित्याचे अभ्यासक ही पाने उलटून पुढे जातात. आम्हांला मात्र ती वाचनीय वाटतात, विशेषतः त्यांत जे नसते त्यामुळे.

आम्ही शिकवतो तेथे मराठीच्या निम्म्या तासिका तासिका तत्त्वावरील शिक्षक घेतात. नेमणूक सत्रापुरती, मानधन घेतलेल्या तासांचे. दर वर्षी नवी मुलाखत. जे सेवेत कधी धरलेच गेले नाहीत, ते निवृत्त तरी कसे होणार? त्यामुळे वृत्तात त्यांचे ना स्वागत, ना निरोप.

आमच्या विभागातील एका बाईंनी ११ वर्षे संतकाव्य शिकवले. एका जूनमध्ये त्या आल्या नाहीत. त्या वर्षीच्या अंकात निवृत्त ग्रंथपालांचे छायाचित्र होते, आणि ते रास्तच होते. बाईंचा उल्लेख कोठेही नव्हता.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. तेथील ‘कमवा आणि शिका’ योजनेत श्रमाला नावातच स्थान होते. तो वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात शिकवणाऱ्याच्या श्रमाची एक ओळही छापली जाऊ नये?

यंदा विभागाचे वृत्त आम्ही वेळापत्रक समोर ठेवून लिहिले आहे: जो तास घेतो, त्याचे नाव. संपादक मंडळाचा निर्णय अद्याप व्हायचा आहे.