सात दिवसांचें श्रमदान

विद्यार्थ्यानें आधीं विद्या संपादावी, सेवेचें मागाहून पाहावें, असें मत आपल्या घरांतून अद्याप ऐकूं येतें. आणि त्यांत कांहींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि १९६९ सालीं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि तेव्हांपासून महाविद्यालयांतील मुलेंमुली खेड्यांत राहून श्रमदान करीत आलीं आहेत. त्यांच्या अंगीं शिस्त येते, हें सर्वच सांगतात. गांवाच्या पदरांत काय पडतें, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत आमची पुतणी अशा शिबिरास निघाली, तेव्हां घरांत थोडी कुरबुर झालीच. "झाडेंच लावावयाचीं तर परसांत लाव, त्यासाठीं शाळेच्या ओसरीवर सात रात्री कशाला काढावयाच्या?" असें आमच्या मातोश्रींचें म्हणणें. अखेर आम्हीं दोन दिवस समक्ष जाऊन पाहावें, या अटीवर परवानगी मिळाली.

तें गांव पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागांत होतें. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस तेथवर येतां येतां विरळ होतो. मुलांनीं दोनशें रोपें बरोबर आणिलीं होतीं. समारोपाच्या दिवशीं पाहुण्यांच्या हस्तें तीं लावावयाचीं, असें ठरलें होतें. दुसऱ्या दिवशीं खड्डे खणणें चालू असतां डोईवर हंडा घेतलेली एक म्हातारी वाटेंत थांबली आणि म्हणाली, "रोपं लावाल, फोटू काढाल अन् जाल. चैतात त्यास्नी पानी कोन घालंल, पोरांनो?"

त्या रात्रीं मुलांची बैठक बसली. पाहुण्यांस बोलावणें गेलें आहे, आतां बेत कसा मोडावा, असें कित्येकांचें मत पडलें. आमची पुतणी एरवीं चारचौघांत बोलत नाहीं, पण ती उठून म्हणाली, "पाहुणे एक दिवस येणार, रोपांना उभा उन्हाळा काढावयाचा आहे." बराच वेळ वाद झाला. शेवटीं रोपें शाळेच्या सावलींत ठेवावीं, तीं मृगाच्या पावसावर लावावीं, आणि उरलेल्या पांच दिवसांत डोंगरउतारावर समतल चर खणावे, असें ठरलें.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. दोन काठ्या वरच्या टोकाशीं बांधून, मध्यें आडवी पट्टी ठोकून, त्यावर ओळंबा सोडावयाचा. तो मध्यखुणेवर आला कीं दोन्ही पाय एका पातळींत आले. अशा खुणा जोडीत गेलें म्हणजे डोंगराच्या अंगानें वळणारी समपातळीची रेघ मिळते. तिच्यावर साठ सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल चर खणून माती खालच्या अंगास बांधासारखी रचावयाची. मुलांनीं हिशेब केला: चराच्या एका मीटरांत १८० लिटर पाणी मावतें. त्यांनीं तीनशें मीटर खणले. म्हणजे एका भरण्यास ५४,००० लिटर. पूर्वीं हें पाणी माती घेऊन ओढ्यास धांवत असे. आतां तें जिरावयास थांबेल.

परत येतांना आम्हांस याच तालुक्यांतील नायगांवची आठवण झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं तेथें पाणी अडविण्याचे प्रयोग केले आणि पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वांटा जमिनीच्या मानानें नव्हे, तर घरांतील माणसांच्या मानानें, भूमिहीनासही हक्क, आणि त्या पाण्यावर ऊंस नाहीं, असा तिचा दंडक होता. पाणी अडविणें हें कुदळीचें काम खरें. पण अडविलेलें पाणी कोणाचें, हें ठरविणें त्याहून कठीण. तें सात दिवसांच्या पाहुण्यांस साधणारें नव्हे. तें गांवानेंच केलें पाहिजे. त्याची वाट मोकळी करावी, एवढेंच विद्यार्थ्यांच्या हातीं आहे.

जून महिन्यांत पुतणी पुन्हा त्या गांवीं गेली. रोपें घरोघर वांटून दिलीं, आणि प्रत्येक रोपास एकेक घर धनी मिळालें. या वेळीं छायाचित्रकार नव्हता.

आमचें घरोघरच्या वडीलधाऱ्यांस इतकेंच सांगणें आहे: मुलामुलींस अशा शिबिरांस अवश्य पाठवावें. परंतु परतल्यावर "किती झाडें लावलीं?" असें न विचारतां, "तीं जगविण्यास कोण आहे?" असें विचारावें. या प्रश्नाचें उत्तर ज्यास देतां येईल, त्याचे सात दिवस सत्कारणीं लागले असें खुशाल समजावें.