बडोद्याला शेरीफ का नव्हता?

बडोद्याहून सावली तीसेक किलोमीटर. मंजुसरची औद्योगिक वसाहत वाटेतच लागते. आजच्या सावलीची ओळख म्हणजे मेट्रोचे डबे. दिल्ली मेट्रोचे कितीतरी डबे इथल्या कारखान्यात तयार झालेत. पण आपण बडोदेकर मराठी मंडळींनी इथे एकदा तरी यावं, ते वेगळ्या कारणासाठी. १७३२ मध्ये मारवाडच्या अभयसिंहाच्या माणसांनी डाकोरला पिलाजीराव गायकवाडांचा दग्यानं खून केला. त्यांच्या लोकांनी देह महीच्या अलीकडे आणला आणि सावलीत अग्नी दिला. पुढे दोनच वर्षांत, १७३४ मध्ये, बडोदं कायमचं गायकवाडांच्या हाती आलं.

पिलाजींना खुनाच्या आदल्याच वर्षी, डभईच्या लढाईनंतर, ‘सेना खासखेल’ हा किताब मिळाला होता. त्याआधी त्यांचे चुलते दमाजी यांना बाळापूरच्या लढाईतल्या पराक्रमाबद्दल ‘समशेर बहाद्दर’ मिळाला होता. तेव्हा या दोन्ही शब्दांमागे घोडा, तलवार आणि चौथाईची वसुली होती. सयाजीराव महाराजांच्या काळापर्यंत वसुलीच्या स्वाऱ्या कधीच थांबल्या होत्या, पण नावापुढे दोन्ही किताब लागतच होते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला लीगसी म्हणतात. काम दुसरीकडे गेलं तरी जुनं नाव काढायला कोणी धजत नाही.

मुंबईत असंच एक पद आहे: शेरीफ, सरकारी मराठीत नगरपाल. मित्रमंडळींत एकानं विचारलं, “मुंबईला शेरीफ, मग आपल्या बडोद्याला का नाही?” प्रश्न गमतीचा वाटला, पण उत्तर चांगलंच लांब निघालं.

शेरीफ हा मूळ इंग्लंडमधला परगण्याचा कारभारी. ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे अंमलदार, त्यांचा हा जोडशब्द. १७२६ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या सनदेनं मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेयरची न्यायालयं स्थापन झाली आणि त्यांच्याबरोबर शेरीफ आला. म्हणजे इकडे पिलाजी गुजरातेत स्वाऱ्या करत होते, त्याच सुमारास तिकडे मुंबईच्या किल्ल्यात हे पद रुजत होतं. कोर्टाचा हुकूम बजावणं, मालमत्ता जप्त करणं, कैद्यांची जबाबदारी घेणं ही त्याची कामं. फाशीसुद्धा त्याच्याच देखरेखीखाली होई. १७७५ मध्ये कलकत्त्यात महाराजा नंदकुमारांना फाशी झाली, तेव्हा तिथल्या शेरीफला ती पार पाडावी लागली. त्यानं त्या प्रसंगाची हकीगतही लिहून ठेवली आहे.

बडोद्याला शेरीफ नव्हता तो यामुळेच. हे पद राजाच्या सनदेनं चालणाऱ्या कोर्टांच्या तीन शहरांपुरतं होतं, आणि आपल्याकडे राज्य गायकवाडांचं. मद्रासचं पद १९९८ मध्ये बंद झालं. मुंबई आणि कोलकाता उरले.

कामं हळूहळू पोलिसांकडे आणि कोर्टाच्या कर्मचाऱ्यांकडे गेली आणि शेरीफपद वर्षभराचा, बिनपगारी मान झालं. डॉ. भाऊ दाजी लाड दोनदा शेरीफ होते, १८६९ आणि १८७१ मध्ये. पुढे दिलीपकुमार झाले, सुनील गावसकर झाले. पाहुण्यांचं स्वागत करायचं, शोकसभा बोलवायची. “नुसती शोभा!” असं कोणीही म्हणेल.

मला मात्र ते पूर्ण पटत नाही. सभा बोलवणं ही एके काळी लहान गोष्ट नव्हती. प्रतिष्ठित नागरिकांनी शेरीफकडे अर्ज करायचा आणि त्यानं बोलावलेली सभा ‘मुंबईकरांची’ ठरायची. पण मुंबईकर म्हणजे कोण? ११ डिसेंबर १९१८ ला हा प्रश्न उघड्यावर आला. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन निवृत्त होत होते. त्यांचा गौरव करण्यासाठी शेरीफनं टाउन हॉलमध्ये सभा बोलावली. जिना, हॉर्निमन आणि त्यांचे साथीदार आधीच येऊन बसले. ‘मुंबईच्या नावानं हा गौरव होऊ देणार नाही’ असा त्यांचा पवित्रा होता. एवढा गोंधळ झाला की शेवटी पोलिसांनी सभागृह रिकामं केलं. मग लोकांनी रुपया-रुपया वर्गणी काढून जिनांच्या नावानं पीपल्स जिना हॉल बांधला. तिकडे गेलात तर टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभं राहून समोरची बाग जरूर पाहा. ती आता हॉर्निमन सर्कल. ज्या शेरीफनं सभा बोलावली, त्याचं नाव मात्र तिथे कुणाला विचारून उपयोग नाही.

आणि एक खरंखुरं काम अजून शिल्लक आहे. कर्ज किंवा खलाशांचे पगार बुडवणारं जहाज मुंबई हायकोर्टाच्या हुकमानं अडकवून ठेवता येतं. तो हुकूम शेरीफच्या कार्यालयामार्फत बजावला जातो आणि वेळ आली तर जहाजाचा लिलावही तेच करतं. मानाचे शेरीफ त्यात स्वतः नसतात, कार्यालयाचे कर्मचारी असतात. आपल्या बडोद्याच्या कोर्टात घरादाराची जप्ती करायला बेलिफ जातो, तो त्याच जातीचं काम करतो. त्याला विमानतळावर पाहुण्यांच्या स्वागताला कोणी बोलवत नाही, एवढंच.