साधे डोळे

पाऊस लागला की वेस्ट मांबलममधल्या आमच्या घरात तिन्हीसांजेला एखादं तपकिरी फुलपाखरू दिव्याकडे येतं. इंग्रजीत त्याला ‘कॉमन इव्हिनिंग ब्राउन’ म्हणतात. पंख मिटून भिंतीवर बसलं की कडेला बारीक डोळ्यांची रांग दिसते: पिवळसर कडं, काळं बुबुळ, मध्ये पांढरा ठिपका. हे डोळे पावसाळी पिढीला असतात. कोरड्या दिवसांतली पिढी वाळक्या पानासारखी निघते, डोळे जवळजवळ पुसलेले. पक्ष्याची चोच धडावर न पडता पंखाच्या कडेवर पडावी, हे त्या खोट्या डोळ्यांचं काम.

गेल्या वर्षी कीटकांवरचं एक पुस्तक मराठीत आणताना मी ‘ओसेलस’ या शब्दापाशी अडले. लॅटिनमध्ये अर्थ ‘चिमुकला डोळा’. शास्त्रात तो दोन गोष्टींना लावतात. एक, पंखावरचा किंवा मोरपिसावरचा चितारलेला डोळा. दुसरा, कीटकाच्या डोक्यावरचा खरा पण साधा डोळा. चतुराला आणि मधमाशीला मोठ्या संयुक्त डोळ्यांखेरीज असे तीन असतात, झुरळाला दोन. पहिला सगळ्यांना दिसतो, पण त्याला काही दिसत नाही. दुसऱ्याला उजेड कळतो, पण तो सहसा कुणाच्या नजरेत येत नाही.

चितारलेल्या डोळ्याला गोष्टींची वाण नाही. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये जूनो मेलेल्या आर्गसचे डोळे मोराच्या पिसाऱ्यात बसवते. रामायणाच्या उत्तरकांडात रावणाच्या भीतीने इंद्र मोर होतो आणि संकट टळल्यावर आपले हजार डोळे मोराच्या पिसांना देतो. त्याच वेळी कुबेर सरडा झालेला असतो. सरड्याला सोनेरी डोकं मिळतं. आमच्या कुंपणावरच्या सरड्याच्या, तमिळमधल्या ‘ओणान’च्या, माथ्यावर खवल्याखाली उजेड ओळखणारा तिसरा डोळा खरोखरच असतो. त्याची मात्र गोष्ट झाली नाही.

मीही त्याच्याकडे तसंच पाहिलं. साध्या डोळ्यासाठी टीप लिहिली: ‘प्राथमिक, अविकसित नेत्र’. ती आईला वाचून दाखवली. आई सांगलीहून माझ्याकडे आली, तोवर काचबिंदूने तिची नजर नेली होती. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आम्ही सांगतो, तिला दिसत नाही.

“म्हणजे त्या किड्याला काय दिसतं?” तिने विचारलं.

“चित्र नाही दिसत. उजेड किती आहे, कुठून येतोय, तेवढंच.”

“मग अविकसित कशाला गं? मला विचार ना.” ती बाल्कनीकडे तोंड करून बसली होती. “समोरच्यांनी आणखी एक मजला चढवला ना? आठ दिवस झाले, माझी सकाळ उशिरा होते. आणि तू धुळीसाठी जाड पडदा लावणार आहेस.”

मजला चढला होता. मी रोज तिथेच उभी राहून चहा पीत होते, आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पडद्याचं माप मात्र मी देऊन आले होते.

रात्री पुन्हा पुस्तक उघडलं. चतुराचे साधे डोळे वरचं उजळ आकाश आणि खालची गडद जमीन यांतला फरक टिपतात. उडताना अंग कलंडलं की ती खबर संयुक्त डोळ्यांच्या आधी पोचते. मधमाशीचे तिन्ही साधे डोळे झाकले, तर ती सकाळी उशिरा बाहेर पडते आणि संध्याकाळी लवकर परतते. हे वाक्य मी आधीच भाषांतरित केलं होतं. व्याकरण बिनचूक होतं.

शेवटी मराठीत दोन शब्द ठेवले. पंखावरची ती ‘नेत्रखूण’. डोक्यावरचा तो ‘साधा डोळा’. ‘अविकसित’ खोडला. लॅटिनचा एक शब्द दोन केल्याने मूळातली गंमत गेली, हे मला ठाऊक आहे. त्याची चुटपुट राहील.

पडदा रद्द केला. धूळ येते, मी पुसते. सकाळी आई हाक मारून सांगते, “उजाडलं गं.” आताशा मी घड्याळ न पाहता उठते.